पाळण्याच्या लाकडाचा नंदी

आत्याच्या घरी सकाळी पहिला आवाज यायचा तो कानशीचा. चहाचं आधण चुलीवर चढवून ती मागच्या ओसरीत जाऊन बसायची आणि आदल्या दिवशी पोरांनी कापलेल्या लाकडांच्या कडा घासायची, त्यांच्या हातात सल जाऊ नये म्हणून. खर्र, खर्र, मग एक फुंकर, मग पुन्हा खर्र. नाचणगावहून मी बारावीचा निकाल घेऊन, खरं म्हणजे निकालापासून पळून, तिच्याकडे राहायला गेले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटायचं, उंदीर दार कुरतडतोय. मग सवय झाली. आता वर्ध्याच्या माझ्या फ्लॅटमध्ये शेजारी कुणाकडे फर्निचरचं काम निघालं की मी खुशाल दुसऱ्यांदा चहा टाकते, आणि सूनबाई म्हणते, आई, आत्ताच तर झाला.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला, मूल झालं नाही, आणि माहेरी परत यायला तिनं साफ नकार दिला. तरुणपणी तिनं हातकामातून शिकवायचं शिक्षण घेतलं होतं आणि ते तिच्या अंगात पुरतं मुरलं होतं. पवनारच्या पलीकडे, धाम नदीच्या काठच्या गावात, स्वतःच्याच ओसरीत ती बालवाडी चालवायची. बालवाडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पाटी, बडबडगीतं आणि खिचडी येते. आत्याच्या ओसरीत भिंतीलगत गुडघाभर उंचीचं एक लांब बाक होतं, त्याला लाकूड घट्ट धरणारा शिकंजा बसवलेला, आणि वर खुंट्यांवर हातोड्या, करवती, कानशी, भोकं पाडायचं गिरमिट. सगळं खरं, फक्त आकारानं लहान, वर्ध्याच्या लोहाराच्या मागे लागून करून घेतलेलं. चार-साडेचार वर्षांची पोरं ते हातात घ्यायची. पहिल्या दिवशी ते पाहून मी एकाच्या हातातली हातोडी काढूनच घेतली होती.

पण ती काही उठून पोराच्या हाती करवत देत नसे. आधी ओल्या मातीच्या गोळ्यात बाभळीचे काटे ठोकायचे. मग कच्च्या पपईत. मग सावरीच्या मऊ लाकडात खिळा, आणि तोही बोटांनी नाही, कपडे वाळत घालायच्या चिमट्यात धरून. हातोडी चुकली तर चिमटा जाईल, नख जाणार नाही. करवत चालवताना दुसरा हात कुठे ठेवायचा हे अंगवळणी पडेपर्यंत करवत खुंटीवरच. सुरुवातीला आयाबाया भांडायला येत. एकजण कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई, पोट्ट्याचं बोट तुटलं त?" आत्यानं विचारलं, "तुया घरच्या चुलीतला जाळ खरा असते का खोटा?" "खराच असते." "मंग पोट्टं काऊन नाई जळत?" "त्याले मालूम हाय जाळ काय असते म्हून." "हाव ना. मंग करवत काय असते थेबी मालूम होऊ दे." ती बाई बडबडत गेली, पण दुसऱ्या दिवशी पोरगं आलंच.

तिचा आणखी एक नियम होता आणि सगळं त्यातूनच पुढे घडलं. कोणतंही लाकूड कापायच्या आधी ते बोटाच्या पेरानं ठोकायचं, त्याला कान लावायचा आणि काय ऐकू आलं ते सांगायचं. पोकळ आहे का भरीव, गाठ कुठे आहे, ओलं आहे का सुकलेलं, हे आवाजावरून कळतं. आता चार वर्षांच्या पोराला पोकळ-भरीव कोण समजावत बसणार? म्हणून आत्या म्हणायची, "त्याले विचार, बापा तुले काय व्हाचं हाय?" मग पोरं लाकडाला गाल चिकटवून डोळे मिटायची आणि गंभीर चेहऱ्यानं निकाल सांगायची. "मले मोटार कर म्हणते." "मले पाट कर म्हणते." एकाचं लाकूड दर वेळी म्हणायचं, मले भजे पाह्यजे. मी हसून हसून बेजार व्हायची. आत्या मात्र कधी हसत नसे.

त्या घरात भुसा सगळीकडे होता. गादीत, केसांत, मिठाच्या बरणीत. जेवण साधंच असायचं, ज्वारीची भाकर, लाखोळीची डाळ घातलेली भाजी, मिरचीचा ठेचा, आणि रविवारी पाटवडीचा रस्सा, ज्यात आत्या तिखट असं टाकायची की घरभर ठसका उठावा. कढीलासुद्धा लाकडाचा वास. मी नाक मुरडलं की ती म्हणायची, "लाकूड पोटात गेलं त पाठीचा कणा सरळ राह्यते, वंदे." दुपारी पोरं चटयांवर झोपली की घर एकदम मोठं वाटायचं. दूरवर पिठाच्या गिरणीचा पुकपुक आवाज, नदीकडून धुणं धोपटल्याचा आवाज, आणि ओसरीत झोपलेल्या पोरांचा श्वास. ती वेळ मला फार आवडायची. पुढे ती मला नकोशी झाली.

पोळा जवळ आला होता. आमच्याकडे पोळ्याला मोठे बैल सजतात आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा पोळा. चाकांवरचे लाकडी नंदी दोरीनं ओढत पोरं घरोघरी जातात, बाया नंदीचे पाय धुतात, ओवाळतात, आणि पोरांच्या हातावर खाऊ, नाणं असं काहीतरी ठेवतात. त्याला बोजारा म्हणतात. बाकीच्या गावांत नंदी बाजारातून यायचे. आत्याच्या बालवाडीतली पोरं आपापला नंदी स्वतः करायची. ते नंदी बघून कुणाला डुक्कर आठवायचं, कुणाला खाट, पण पोरांची छाती फुगलेली असायची. त्या वर्षी सावरीचं लाकूड कमी पडत होतं आणि आत्या काळजीत होती. तेवढ्यात एका सकाळी पार्वताबाईंच्या गड्यानं बैलबंडीतून लाकडं आणून आमच्या अंगणात उतरवली आणि बंडी वळवून तो निघून गेला.

पार्वताबाई गावातली वजनदार बाई. चांगली शेती, घरात शब्द तिचाच. तिच्या सुनेला, रेखाला, श्रावणाच्या तोंडाशी मुलगा झाला होता आणि बारसं व्हायच्या आतच तो गेला. सकाळी पाळण्यात होता, दूध पाजायला उचलायला गेली तर अंग गार. गावानं चार दिवस हळहळ केली. पार्वताबाईंनी घरात ताकीद दिली होती की त्या लेकराचा विषय काढायचा नाही. ज्याचं नाव नाही ठेवलं त्याची आठवणही ठेवू नये, म्हणजे सून लवकर सावरेल. त्या दुष्ट नव्हत्या, हे मी आज सांगू शकते. त्यांचं पहिलं लेकरू गेलं तेव्हा त्यांच्या सासूनंही हेच केलं होतं.

आत्यानं लाकडं उलटीपालटी करून पाहिली. शिवणीचं लाकूड, फिकट, हलकं, हाताला मऊ. आडव्या पट्टीला दोन्ही टोकांना कड्या बसवल्याची भोकं होती. "पाळणा हाय हा," ती म्हणाली. मी दोन पावलं मागे झाले. पाळण्याचं लाकूड चुलीत घालत नाहीत आणि रिकामा पाळणा घरात ठेवत नाहीत, म्हणून पार्वताबाईंनी तो सोडवून पोरांकडे धाडला होता. लेकराची वस्तू लेकरांत गेली की दोष उरत नाही, असा त्यांचा हिशोब. मी म्हटलं, "आत्या, परत पाठवू." ती म्हणाली, "लाकडाले सुतक नसते व माय. अन् हे पाह्य किती चांगलं हाय, लोण्यावानी कापलं जाईन." तिनं पट्ट्यांचे तुकडे करून बाकाखाली रचले. कुणाचं लाकूड आहे हे पोरांना सांगायचं नाही, एवढं मात्र तिनं मला बजावलं. मी सांगितलं नाही. आत्यानं तर नाहीच नाही.

ते तुकडे पोरांनी वाटून घेतले त्याच दिवशी मला पहिल्यांदा काहीतरी वेगळं जाणवलं. ज्यांनी बाकाजवळ कधी काम केलंय त्यांना ठाऊक असेल, वीस पोरं हातोड्या मारत असली की त्या आवाजाला ताल नसतो, गारा पडाव्यात तसा तो पडत राहतो. त्या दिवशी मधेच सगळ्या हातोड्या एकदम थांबल्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी आलं नव्हतं. पोरं मान थोडी कलती करून, हातोडी हवेत धरून, बसली होती. मग जशी थांबली तशीच पुन्हा सुरू झाली. मी आत्याकडे पाहिलं. ती चाकं मोजत होती, तिनं पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी हे पुन्हा झालं. तिसऱ्या दिवशीही झालं आणि तेव्हा भजेवाल्या पोरानं शेजारच्याला दटावलं, "हळू ठोक ना बे. झोपला हाय थो."

"कोण झोपला?" मी विचारलं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच वेडी.

पिंकी नावाची एक मुलगी होती, चार वर्षांची, काळीसावळी, नाक सदा वाहतं. तिची आई पार्वताबाईंच्या शेतात निंदणाला जायची. पिंकी फार बोलत नसे, पण करवत अशी धरायची की आत्या तिच्याकडे बोट दाखवून बाकीच्यांना शिकवायची. पाळण्याच्या उशाकडची फळी तिच्या वाट्याला आली होती. ती रोज ठोकायची, कान लावायची आणि न कापता ठेवून द्यायची. दुपारी झोपायच्या वेळी तिनं आपल्या फ्रॉकचा जुना पट्टा त्या फळीवर पांघरला. मी जवळ गेले. सगळी पोरं झोपलेली, गिरणी बंद, आणि त्या फळीतून आवाज येत होता. अगदी बारीक. कुर्र... कुर्र... मग थांबा... मग कुर्र.  मी तशीच आत्याला उठवून आणलं. तिनं गुडघे टेकून कान लावला, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाली, "भुंग्याची अळी हाय. लाकूड खाऊन राह्यली." फळीखाली पिठासारखा भुसा पडला होता तो तिनं मला बोटावर घेऊन दाखवला.

अळी असते, ती लाकूड खाते, तिचा आवाज येतो. हे सगळं खरं आहे. मी पुढे तीस वर्षं शाळेत शिकवलं, मला कीटक कळतात. पण त्या दिवशी आत्यानं तो पट्टा काढून टाकला नाही, हेही मी पाहिलं. तिनं तो नीट सारखा करून पुन्हा पांघरला.

मग नावाची गोष्ट झाली. पोरं आपल्या नंद्यांना नावं ठेवत होती, राजा, सर्जा, ढवळ्या, एकानं तर टीव्हीतल्या हिरोचं ठेवलं. पिंकीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "सारंग." त्या गावात सारंग नावाचा माणूस नव्हता, बैल नव्हता, कुत्रं नव्हतं. मी विचारलं, "हे कुठून आणलं व?" पिंकी नाक ओढून म्हणाली, "त्यानंच सांगतलं." मी हसले. पिंकीच्या आईनंही ही गंमत म्हणून शेतावर बाकीच्या बायांना सांगितली, आणि तेव्हा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, न्याहारी घेऊन आलेली रेखा उभी होती.

ती त्याच दुपारी आली. बाळ गेल्यापासून ती पहिल्यांदाच वस्तीत दिसत होती. माझ्याच वयाची, जास्तीत जास्त दोन वर्षांनी मोठी. पदर डोक्यावरून घसरलेला, पायात चप्पल नाही. ती सरळ पिंकीपुढे बसली आणि म्हणाली, "तुया बैलाचं नाव काय?" पिंकीनं सांगितलं. रेखानं त्या फळीवरून एकदा हात फिरवला. मग आत्याकडे वळून अगदी हळू म्हणाली, "बाई, बारशाले ठेवाचं म्हून म्या हे नाव मनात धरलं होतं. कोणाले नाई सांगतलं. यायलेबी नाई." यायले म्हणजे नवऱ्याला. आत्यानं उठून तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

मी याच्यावर खूप विचार केलाय. रेखा नदीवर धुणं धुताना, पोटुशी असताना, स्वतःशी ते नाव पुटपुटली असेल आणि काठावर खेळणाऱ्या पिंकीनं ऐकलं असेल. असं झालं असणं शक्य आहे. पिंकीची आई म्हणायची, आमची पोट्टी नदीवर कधी गेलीच नाही. ते जाऊ दे. माझा विश्वास कशावर आहे हे मलाच आज नीट सांगता येत नाही, तर तुम्हाला काय सांगू.

त्यानंतर रेखा रोज येऊ लागली. सकाळी पोरांच्या आधी यायची आणि भिंतीला टेकून त्या फळीसमोर बसायची. बोलायची नाही, खायची नाही. आत्या भाकर द्यायची, ती तशीच ताटलीत वाळायची. तिची हाडं दिसायला लागली. पोरांना तिचं काही वाटत नव्हतं. पोरं तिला ओलांडून जायची, एखादी पोर तिच्या मांडीवर खिळे ठेवायची. मला मात्र तिची भीती वाटायची. ती बघत असायची तेव्हा पापणी लवायची नाही. आणि ती असली की फळीतला आवाज यायचा नाही. ती उठून घरी गेली की यायचा. हे मी एकटीनं नाही, आत्यानंही ऐकलं होतं, आणि आम्ही दोघी त्याबद्दल एकमेकींशी कधी बोललो नाही.

गाव बोलतच होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी पार्वताबाई ओसरीत येऊन उभ्या राहिल्या. सून आत बसलेली, तिच्या देखतच त्या बोलल्या. "बाई, लाकडं म्या देल्ली, माई चूक. कराच्या दिवशी सकाळी मारबतीसंगं हे सारं हद्दीबाहीर टाकून देतो." पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाला आमच्याकडे कर म्हणतात. त्या दिवशी पहाटे दारातल्या पळसाच्या फांद्या उचलून, 'रोगराई, खोकला घेऊन जा गे मारबत' असं ओरडत गावाच्या हद्दीबाहेर फेकतात. घरातली पीडा त्यांच्याबरोबर जाते, मागे वळून बघायचं नाही. आत्या काही म्हणायच्या आत रेखा पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली. "थे हद्दीबाहीर गेलं त मीबी त्याच्यासंगं जाईन, आत्याबाई." सासूला ती आत्याबाई म्हणायची. आमच्या गावाच्या हद्दीपलीकडे धामचा डोह आहे. पार्वताबाईंचं तोंड पांढरं पडलं. त्या तशाच निघून गेल्या. मला तेव्हा कळलं की हा प्रश्न आता लाकडाचा उरलेला नाही, ही बाई जगते की जाते याचा आहे, आणि ते आमच्या ओसरीत ठरणार आहे. मी रडायला लागले. मला नाचणगावला परत जायचं होतं.

आत्या उठली, खुंटीवरची करवत काढली आणि रेखाच्या मांडीवर ठेवली. "माया बालवाडीत बिनकामाचं कोणी बसत नाई," ती म्हणाली. "परवा तान्हा पोळा हाय. या पोट्टीचा बैल अजून झाला नाई. तू कापून दे."

रेखानं करवत अशी ढकलली की ती बाकाखाली गेली. "म्या नाई कापत त्याले."

पिंकी बाकाखाली शिरली, करवत घेऊन आली आणि शहाण्या बाईसारखी म्हणाली, "तसं नसते कापत, मावशी. आंदी विचारा लागते." तिनं रेखाचं बोट धरलं, वाकवलं आणि त्या पेरानं फळी ठोकली. "आता कान लाव. डोये मीट."

रेखानं कान लावला. ओसरीत हातोड्या चालू होत्या त्या थांबल्या, तशाच, एकदम. मी तेव्हा पोरांकडे पाहिलं. त्यांच्या माना कलत्या झालेल्या होत्या आणि ती सगळी रेखाकडे नाही, फळीकडेही नाही, तिच्या पाठीमागच्या रिकाम्या भिंतीकडे बघत होती.  रेखाच्या चेहऱ्यावर आधी भीती आली, मग दुसरंच काहीतरी, ज्याला मला अजून नाव सापडलेलं नाही. तिचे ओठ हलले. ती "हाव" म्हणाली, कुणालातरी उत्तर दिल्यासारखी. मग तिनं डोळे उघडले, डावा हात पिंकीनं दाखवला तिथे ठेवला आणि करवत टेकवली.

ती कापताना रडत होती, मोठ्यानं, गळा काढून, जसं तिला बाळ गेलं त्या दिवशी कुणी रडू दिलं नव्हतं तसं. करवत पुढे जाताना तिचा आवाज वर जायचा, मागे येताना खाली. भुशाचा गोडसर वास आला. पिंकी तिच्या बाजूला उभी राहून मधून मधून सांगत होती, "सरळ. सरळ घे. घाई नको करू." फळीचे दोन तुकडे झाले. आत बोटभर लांब एक पोकळी निघाली, स्वच्छ घासल्यासारखी, आणि त्यात काहीच नव्हतं. अळी नव्हती, भुंगा नव्हता. आत्यानं भिंग आणून बघितलं. बाहेर जायला कुठेही भोक नव्हतं. रेखानं पाणी मागितलं. मग पोरांच्या मधल्या सुट्टीतले मुरमुरे-फुटाणे मागितले आणि ते मूठमूठ खाल्ले. आत्या आत जाऊन चुलीपुढे बसली. मी पाहिलं तर ती भाकरीचं पीठ उगीचच मळत होती.

नंदी दोघींनी मिळून केला. चाकं पिंकीनं कापली म्हणून ती गोल नव्हती, आणि ओढला की नंदी डावीउजवीकडे सावकाश झोके घ्यायचा. बाकीचे नंदी खडखडत जायचे. हा डुलायचा. मी आत्याला म्हटलं, चाकं घासून देऊ का. ती म्हणाली, "राहू दे."

कराच्या पहाटे आम्ही 'घेऊन जा गे मारबत'च्या आरोळ्यांनी जागे झालो. फांद्या ओढल्याचा आवाज गल्लीतून जवळ येत आमच्या दारापाशी थांबला. पार्वताबाई होत्या, हातात पळसाची फांदी, मागे दोन बाया. "द्या बाई," त्या म्हणाल्या. पिंकी रात्रीपासून आमच्याकडेच झोपली होती, नंदी कुशीत घेऊन. आत्यानं तिच्याकडे बोट दाखवलं. "थो तिचा बैल हाय. न्यायचा असंन त तिच्या हातून घ्या." पार्वताबाई उंबऱ्यात आल्या. झोपलेल्या पोरीच्या हातातलं खेळणं ओढून काढायला वाकल्या आणि तशाच वाकलेल्या राहिल्या. मग फांदी तेवढी घेऊन परत फिरल्या. आरोळ्या नदीकडे गेल्या.

दुपारी तान्हा पोळा निघाला. पोरं नटलेली, नंद्यांना बेगड आणि फुगे, गल्लीभर चाकांचा खडखडाट. मी आणि आत्या पोरांबरोबर होतो. दारोदार पाय धुतले जात होते, पुरणपोळीचा वास सुटला होता, आणि प्रत्येक दारात पिंकीचा डुलता नंदी आला की बाया घाईघाईनं ओवाळून मोकळ्या व्हायच्या. पार्वताबाईंच्या दारी आलो तेव्हा बाकीची पोरं बोजारा घेऊन पुढे गेली. पिंकी उरली. रेखा तांब्या घेऊन बाहेर आली, नवं लुगडं नेसलेली, केस विंचरलेले. मागे दारात पार्वताबाई.

रेखानं नंदीचे पाय धुतले, कुंकू लावलं, ओवाळलं. मग सासूकडे न बघता पण तिला ऐकू जाईल असं म्हणाली, "याचं नाव सारंग हाय, आत्याबाई." त्या घरात ते नाव पहिल्यांदाच उच्चारलं गेलं. मला वाटलं आता म्हातारी कडाडणार. पार्वताबाई पायरी उतरल्या. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, त्या नंदीपुढे बसल्या. बारशाला बाळाची आत्या त्याच्या कानात नाव सांगते तशा त्या वाकल्या आणि त्या लाकडी कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलल्या. मग मान कलती करून त्यांनी आपला कान तिथे लावला. आम्ही सगळे उभेच. गल्लीतला खडखडाट लांब गेला होता.

पार्वताबाईंनी डोकं वर केलं. त्यांचा आवाज रोजच्यासारखाच होता, घरातली कामं सांगताना असायचा तसा. "रेखा," त्या म्हणाल्या, "दूध आण. भुकेला हाय."

कुणी हसलं नाही. रेखा आत गेली आणि वाटीत कोमट दूध घेऊन आली. बोट बुडवून तिनं ते नंदीच्या तोंडाला लावलं, पुन्हा बुडवलं, पुन्हा लावलं. दूध हनुवटीवरून ओघळलं. पिंकी ते काळजीनं बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"मावशी, ओलं नको ठेऊ ना," ती म्हणाली. "लाकूड फुगते."

रेखानं पदराचं टोक घेतलं, नंदीचं तोंड हलक्या हातानं पुसलं, आणि दोरी पिंकीच्या हातात दिली. "जाय," ती म्हणाली. "फिरवून आण त्याले."